गोव्याची तांबडी माती आणि कंपोस्ट: पावसाआधी घालावे की पावसानंतर?

माशेलची_परसबाग (धाग्याची सुरुवात)

सर्वांना नमस्कार. कंपोस्ट कसे करावे यावर या विभागात भरपूर लिहून झाले आहे. तयार झालेले कंपोस्ट कोणत्या झाडाला, केव्हा आणि किती घालावे यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही, आणि गोव्यात तरी खरी मेख तिथेच आहे असे माझे मत आहे.

आमच्या भागात वर्षभर गायरीत (खताच्या खड्ड्यात) साठलेले खत मिरगाच्या आधी एकदाच उपसायचे आणि माड, जास्वंद, अबोली, मिरची या सगळ्यांच्या मुळाशी एकाच मापाने ओतायचे, अशी बहुतेक घरांतली रीत आहे. भाताच्या शेताला ती शोभते, कारण तिथे खत पसरल्यावर लगेच नांगरट होते आणि बांध पाणी अडवून धरतो. परसात तसे होत नाही. उतारावरच्या परसात जूनच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर वरवर टाकलेले हलके खत गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला जाऊन साचते आणि पुढे चार महिने तिथले गवत तेवढे माजते.

कारण मातीतही आहे. आपली जांभ्याची माती दिसायला तांबडीलाल आणि भरदार, पण अन्नद्रव्ये धरून ठेवण्यात कमजोर. तिच्यातल्या चिकणमातीत केओलिनाइट नावाच्या खनिजाचे प्रमाण मोठे असते, आणि देशावरच्या काळ्या मातीच्या मानाने त्याची धारणशक्ती फारच थोडी असते. त्यात वर्षाला सुमारे 3000 मिलीमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. नायट्रेटच्या रूपातला नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) या पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुपून गेल्याने माती आम्ल होत जाते आणि सामू (पीएच) पुष्कळ ठिकाणी 5 ते 6च्या दरम्यान राहतो. स्फुरद (फॉस्फरस) वाहून जात नाही खरा, पण लोह आणि ॲल्युमिनियम त्याला असा घट्ट धरून बसतात की झाडाच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा: फुलझाडे, कुंड्या आणि भाजीचे वाफे यांचा कंपोस्टचा मोठा हप्ता चवथ (गणेश चतुर्थी) आटोपून पाऊस ओसरू लागला की द्यावा, नोव्हेंबर ते एप्रिल थोडे थोडे देत राहावे, आणि मिरगाला अगदी मूठभरच घालून वर पातेऱ्याचे (गळलेल्या सुक्या पानांचे) जाड आच्छादन करावे. माडाच्या बाबतीत माझे मत पक्के नाही. जाणकारांनी खोडून काढण्यासारखे काही असेल तर जरूर खोडून काढावे.

सावईवेरे_कुळागर

माशेलकर, तुमचे अर्धे म्हणणे मान्य आहे आणि अर्ध्यावर आक्षेप आहे.

पोफळीच्या बाबतीत कुळागरातला (पोफळीच्या बागेतला) अनुभव आणि शास्त्र दोन्ही तुमच्या बाजूने आहेत. कासारगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे एका पोफळीला वर्षाला सुमारे 12 किलो हिरवा पाला आणि तितकेच कंपोस्ट किंवा शेणखत द्यायचे असते, आणि त्याची वेळ सप्टेंबर-ऑक्टोबर ही सांगितली जाते. आम्हीही पाऊस कमी झाल्यावरच बुंध्याभोवतीची माती हलकी करून पाला-खत घालतो आणि वर पोफळीच्या सुक्या झावळ्या पसरतो. पुढे पाटाचे पाणी सुरू झाले की ते खत जागच्या जागी मुरते.

माडाचे गणित मात्र वेगळे आहे. माडाच्या बुंध्यापासून सहा फुटांपर्यंत आळे उघडून त्यात 25 ते 50 किलो सेंद्रिय खत घालायचे ते पाऊस लागतानाच, कारण आपल्याकडचे बहुसंख्य माड कोरडवाहू असतात आणि उन्हाळ्यात त्यांची अन्न घेणारी बारीक मुळे जवळजवळ थंडावलेली असतात. माती ओली झाली की तीच मुळे जोमाने फुटतात, त्या वेळी खत हाताशी नसेल तर पुढचा हंगाम वाया जातो. आळे उघडलेले असल्याने खत वाहून जाण्याची भीतीही नसते. वाहून जाते ते आळे न करता बुंध्याशी ढीग घालणाऱ्याचे.

तेव्हा पावसाआधी की पावसानंतर हा प्रश्न झाडागणिक सोडवावा लागेल. ज्याला वर्षभर पाणी मिळते त्याला पावसानंतर, ज्याला फक्त आभाळाचेच पाणी आहे त्याला पावसाच्या तोंडावर, अशी माझी ढोबळ वाटणी आहे.

पणजी_तिसरा_मजला

चर्चा वाचून आनंद झाला, परंतु आमच्यासारख्या सदनिकेत राहणाऱ्यांचे दुखणे निराळे आहे. माझ्याकडे गॅलरीत आणि गच्चीवर मोगरी, अबोली, जास्वंद, कढीपत्ता आणि थोड्या मिरच्या आहेत. ओला कचरा झाकणाच्या डब्यात जिरवते. उन्हाळ्यात सगळे ठीक चालते. जुलै उजाडला की डब्यातले मिश्रण काळे, चिकट होते, त्याला आंबूस वास येतो आणि तळाला तपकिरी पाणी जमते. रंग काळा झाला म्हणजे खत तयार, असे समजून ते मोगरीला घातले, तर तिची पाने पिवळी पडत आहेत. शेजारच्या ताई म्हणतात खत कमी पडले, आणखी घाला. घालावे का?

दुसरे असे की आमच्या घरी रोज मासळी असते. खवले, डोकी, आतडी यांचे काय करावे? डब्यात घातली की दोन दिवसांत सगळा मजला तक्रार घेऊन दारात उभा राहतो.

सामू_आणि_माती

ताई, आणखी मुळीच घालू नका.

मी अनेक वर्षे मृदाशास्त्र शिकवत आलो आहे आणि कुंडीतल्या झाडांच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी कच्च्या कंपोस्टच्या निघतात. काळा रंग ही पक्वतेची खूण नव्हे. हवा न मिळता सडलेला पदार्थही काळाच होतो, आणि त्यात सेंद्रिय आम्ले व अमोनिया असल्याने तो कोवळ्या मुळांना भाजतो. शिवाय कच्च्या खतात कर्ब (कार्बन) जास्त आणि नत्र कमी असेल, तर जिवाणू स्वतःचे पोट भरण्यासाठी मातीतला नत्र ओढून घेतात आणि झाड उपाशी राहते. ढीग लावताना कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण 25 ते 30ला 1 असावे लागते, पक्व खतात ते 20च्या खाली आलेले असते. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर, कर्ब थोडा. म्हणून प्रत्येक थरावर सुका पातेरा, भाताचा तूस किंवा नारळाचा काथ्याभुसा टाकावा लागतो. आकारमानाने ओल्याच्या दुप्पट सुके, असे माप पावसाळ्यात धरावे. पातेरा पावसात मिळत नाही, म्हणून तो मार्च-एप्रिलमध्ये गोण्या भरून कोरड्या जागी ठेवावा. आपल्याकडे त्या दिवसांत घरोघर अंगणात पातेरा जाळतात, तो धूर पाहिला की मला हळहळ वाटते.

आता पिवळ्या पानांकडे नीट पाहा. खालची जुनी पाने सबंध पिवळी पडून गळत असतील, तर नत्राची उणीव किंवा मुळे कुजणे, यांपैकी एक आहे. कुंडी हलकेच उपडी करून मुळांचे टोक पाहिले की निवाडा होतो: निरोगी मूळ पांढरे आणि ताठ असते, कुजलेल्या मुळाची साल बोटांनी ओढली तर मोज्यासारखी निघून येते आणि आत दोरा उरतो. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर लोह मिळत नाही असे समजावे, आणि कोणी राख किंवा चुना भरमसाट घातला आहे का ते विचारावे. मोगरीला किंचित आम्ल माती मानवते, चुलीतली राख तिला वारंवार नको.

तुमच्या डब्यातले खत बाहेर काढून, त्यात सुके मिसळून, पाऊस लागणार नाही अशा जागी महिनाभर सैलसर ठेवा. मग मूठभर दाबून पाहा. ओलसर लागावे, फार तर एखादा थेंब सुटावा, धार लागता कामा नये. त्यानंतर थोडे खत ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर ठेवावे. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर पक्व, आंबूस किंवा अमोनियाचा आला तर कच्चे. खात्री हवी असेल तर एका कुंडीत नुसती माती आणि दुसरीत एक तृतीयांश कंपोस्ट मिसळलेली माती घेऊन दोन्हींत तांबड्या भाजीचे बी सारखेच पेरा. दुसरीत उगवण विरळ दिसली किंवा रोपांची टोके करपली, तर ते खत अजून थांबवावे.

कुंडीच्या मिश्रणात कंपोस्ट पाव ते एक तृतीयांश हिश्श्यापेक्षा जास्त नको. पुढे ते खचते, पाणी धरून बसते आणि पावसाळ्यात कुंडीचे डबके होते. उरलेल्यात तांबडी माती, काथ्याभुसा आणि चिऱ्याची बारीक खडी यांची सांगड घालावी. एकदा भरलेल्या मध्यम कुंडीला नोव्हेंबरपासून महिन्या-दीड महिन्याने दोन मुठी पक्व खत वरच्या इंचभर मातीत मिसळले की पुरते.

माशेलकरांच्या मूळ लेखात एक दुरुस्ती सुचवतो. पक्व कंपोस्टमधला नत्र बहुतांशी सेंद्रिय रूपात बांधलेला असतो, तो पावसात युरियासारखा झपाट्याने धुपत नाही. पालाश मात्र लगेच विरघळतो आणि निघून जातो. खरे नुकसान होते ते खताच्या पृष्ठभागावरून वाहून जाण्याने आणि पालाशाच्या धुपीने, म्हणून तुमचा निष्कर्ष तसाच राहतो. आणि एक गोष्ट तुमच्या बाजूने: कंपोस्टमधली सेंद्रिय आम्ले लोह-ॲल्युमिनियमच्या कणांवरच्या जागा अडवतात, त्यामुळे स्फुरद झाडाला मोकळा राहतो. हाडांचा चुरा घालायचा असेल तर तो कंपोस्टमध्येच मिसळून घालण्यात फायदा आहे. चुना किंवा डोलोमाइट मात्र कंपोस्टबरोबर एकाच दिवशी घालू नये, अमोनिया उडून जातो. दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे, आणि तेही माती तपासून सामू कळल्यावरच.

माडांचे_भाट_काणकोण

मासळीच्या प्रश्नाला उत्तर देतो. मासळी धुतलेले पाणी माडाच्या आळ्यात ओतण्याची आपल्याकडची पद्धत चांगली आहे. माड थोडा खारटपणा आनंदाने सोसतो, त्याला क्लोराइड लागतेही. पूर्वी तारल्यांचा फड लागला आणि विकून संपेना, की ती तारली माडांना खत म्हणून घालत. परंतु कुंडीतल्या मोगरीला ते खारे पाणी चालणार नाही. सदनिकेतल्या ताईंनी मासळीचे अवशेष डब्यात न घालता, कोणाच्या परसात दीड फूट खोल चर काढून पुरावेत आणि वर पातेरा व माती दाबावी. त्याहून उथळ पुरले तर रात्री मांजरे आणि कुत्री उकरून काढतात.

आता मुद्द्याची गोष्ट, जी या धाग्यात अजून कोणी काढलेली नाही. गायरी उपसताना आत जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या सापडतात का? अंगठ्याएवढे जाड अंग, तपकिरी डोके, त्वचेतून मागच्या टोकाला काळसर दिसणारे पोट. ही गेंडा भुंग्याची अळी. तिचा जन्म शेणाच्या आणि कुजत्या खताच्या ढिगात होतो आणि भुंगा झाल्यावर ती जाते माडाच्या कोंबात. कोंब उलगडला की झावळीचे पातेच्या पाते कात्रीने तिरके कापल्यासारखे दिसते. लोक माडावर उपाय करत बसतात आणि पैदास अंगणातल्या गायरीत चालू असते.

ढीग वरचेवर उलटावा, अळ्या वेचून कोंबड्यांना टाकाव्यात, आणि भुंगे उडू लागण्याआधी, म्हणजे पाऊस लागण्यापूर्वी, गायरी एकदा तळापर्यंत मोकळी करावी. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी ढिगात मिसळली तर ती या अळ्यांना रोगी करून मारते. कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात त्याची चौकशी करावी. उन्हाळ्यातच खत उपसण्याचे हे एक स्वतंत्र कारण आहे, माशेलकर. तुम्ही मिरगाची रीत मोडीत काढायला निघालात, पण आपल्या आजोबांनी गायरी त्याच वेळी का रिकामी केली याचाही विचार व्हावा. उपसलेले खत लगेच झाडाला घातलेच पाहिजे असे नाही, ते चाळून गोण्यांत भरून चवथीपर्यंत झाकून ठेवता येते.

ओल्या कचऱ्याच्या डब्यात मात्र चपट्या, राखाडी-तपकिरी, बोटाच्या पेराएवढ्या, सतत वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नये. त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा फार वेगाने खातात आणि झाडांना त्रास देत नाहीत. त्या दिसल्या याचा अर्थ कचरा ओला आहे, वर सुके टाकावे.

आगशीचा_मळा

वांग्याच्या आणि मिरचीच्या बाबतीत एक इशारा. कंपोस्ट घालून रोप टवटवीत होते यात शंका नाही, पण आपल्या आम्ल मातीत जिवाणूजन्य मर रोग घर करून असतो, आणि तो कंपोस्टमधून एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सहज जातो. सकाळी ताठ असलेले रोप दुपारी अचानक मान टाकते, पाने हिरवीच राहतात, दोन-तीन दिवसांत सगळे संपते. अशा रोपाचा बुंध्याकडचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात लोंबता धरावा. थोड्या वेळाने कापातून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरताना दिसला, तर मर रोग नक्की.

अशी रोपे गायरीत घालू नयेत, सुकवून जाळावीत. घरगुती डब्यात किंवा लहान ढिगात उष्णता पुरेशी चढत नाही. मोठ्या ढिगात 55 अंश सेल्सियसच्या वर तीन दिवस तापमान राहिले आणि ढीग उलटून बाहेरचा भाग आत गेला, तर बहुतेक रोगजंतू आणि तणाचे बी मरते, परंतु थर्मामीटर घालून पाहिल्याशिवाय तसे गृहीत धरू नये. त्या वाफ्यात पुढची दोन-तीन वर्षे वांगी, मिरची, टोमॅटो टाळून तांबडी भाजी, मका किंवा चवळी घ्यावी. अबोलीच्या मुळांना सूत्रकृमी लागतात, तिच्यासाठी कंपोस्टमध्ये निंबोळी पेंड मिसळलेली बरी.

म्हापसा_नवखी

विकतच्या कंपोस्टविषयी कोणी लिहील का? एका दुकानातून आणलेल्या गोणीत काचेचे तुकडे, दोऱ्या आणि औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे निघाली. दुकानदाराने हात वर केले.

सामू_आणि_माती

ताई, गोणीवर उत्पादकाचे नाव, तारीख आणि पृथक्करण छापलेले नसेल तर ती घेऊच नये. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी 1985च्या खत नियंत्रण आदेशात निकष आहेत: कर्ब-नत्र प्रमाण 20च्या आत, ओलावा 15 ते 25 टक्के, विद्युतवाहकता 4च्या आत. शेवटचा आकडा क्षारांचा निदर्शक आहे आणि कुंड्यांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. हात घालून पाहताना हातमोजे घालावेत. असे खत चाळल्याशिवाय भाजीला वापरू नये, आणि काच निघत असेल तर शोभेच्या झाडांनाही नको, कारण पुढे त्या मातीत हात तुम्हालाच घालायचे आहेत.

वाळपईची_सई

आमच्याकडे सत्तरीत मार्च ते मे काजूचा हंगाम असतो, आणि निरो (बोंडांचा रस) काढून उरलेल्या बोंडांच्या चोथ्याचे ढीग पडतात. पुष्कळ जण तो ओहोळाच्या काठी फेकतात. त्याचे फार चांगले खत होते, मात्र तो एकटा कुजवला तर आंबतो आणि त्याला चिलटे लागतात. चोथ्याच्या थरावर तिप्पट पातेरा आणि शेणाचा पातळ काला, असे थर रचून, आठवड्याने उलटत राहिले तर पावसाच्या आधी वास पूर्ण जातो. काजूची सुकी पाने चामट असतात, ती पायाखाली चुरून किंवा कोयत्याने तोडून घालावीत, नाहीतर ती एकमेकांवर बसून ढिगात हवा खेळू देत नाहीत. नारळाची सोडणे (वरची काथ्याची साल) या ढिगात घालू नयेत, त्यांना वर्षाहून अधिक काळ लागतो. ती माडाच्या आळ्यात पोकळ बाजू वर करून पुरली की ओल धरून ठेवतात.

माटोळीचे, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधलेल्या फळा-पानांच्या चौकटीचे, काय करता, असा एक प्रश्न मलाही विचारायचा आहे. विसर्जनानंतर तिची सगळी फळे आणि पाने ओहोळात सोडण्यापेक्षा मी सुतळ्या आणि तारा काढून ती कंपोस्टमध्ये घालते. सुपारीची शिपटी आणि नारळ तेवढे वेगळे ठेवते. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी ते पटले नव्हते, पण मातीतले मातीत जाते असे त्यांनाच वाटल्यावर हरकत उरली नाही. रानफळांच्या बिया मात्र खतातून वाफ्यात उगवतात, काही तर ओळखूही येत नाहीत.

माशेलची_परसबाग

सगळ्यांचे मनःपूर्वक आभार. सावईवेरेकरांची पाण्यावरून केलेली वाटणी मी स्वीकारतो: माडाला पावसाच्या तोंडावर आळे करून, बाकी पाणी मिळणाऱ्या सगळ्यांना पावसानंतर. काणकोणकरांचे गायरी उन्हाळ्यात रिकामी करण्याचे कारणही बिनतोड आहे.

सईबाय, उगवणाऱ्या बियांसाठी सोपा उपाय म्हणजे माटोळीचे खत वेगळे ठेवून ते थेट आळ्यातल्या आच्छादनाखाली वापरणे. अंधारात बहुतेक रोपे वर येत नाहीत, आलीच तर उपटून तिथेच टाकता येतात.

आता एक गोष्ट उरते ती पावसाळ्यातल्या ढिगाची. आमच्याकडे गायरी म्हणजे खड्डाच असतो, आणि जुलैमध्ये त्यात पाणी भरून शेणाचा चिखल होतो. इंदूरला 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी जी कंपोस्टची पद्धत बसवली, तिच्यातही पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग लावत असत, आणि इंदूरला आपल्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच पाऊस पडतो. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांचे नाडेप टाकेही जमिनीवरच, भिंतीला भोके ठेवून बांधायचे असते. ही दोन्ही उदाहरणे समोर असताना आपण गोव्यात खड्ड्यालाच का चिकटून बसलो आहोत, ते मला समजत नाही. चिऱ्यांचे तीन फूट उंच, सांधे सैल ठेवलेले टाके बांधून वर झावळ्यांचे छप्पर घालावे असा विचार आहे. कोणी केले असल्यास छपराची उंची किती ठेवली ते कळवावे.

सावईवेरे_कुळागर

आमच्याकडे तसेच आहे. छप्पर माणूस आत उभा राहून फावडे मारू शकेल एवढे उंच ठेवा आणि नैर्ऋत्येकडची बाजू झापांनी बंद करा, कारण आपला पाऊस वरून कमी आणि वाऱ्याबरोबर आडवा जास्त येतो. ताडपत्री थेट ढिगावर टाकू नका, आत वाफ कोंडते. तळाशी माडाचे पिडे (झावळ्यांचे जाड देठ) आणि जाड फांद्यांचा वीतभर थर द्या, पाणी निघून जाते आणि खालून हवा मिळते. एका बाजूचे चिरे मात्र मातीने न सांधता नुसते रचून ठेवा. सप्टेंबरअखेर खत काढायचे असेल तेव्हा ती बाजू उतरवली की टोपली थेट भरता येते.